इमारत पुनर्विकासाला चालली, स्टिरिओचं काय करू?

सोनचाफा
आमची पार्ल्याची सोसायटी अखेर रिकामी करायची वेळ आली. दिवाळीच्या आत चाव्या द्यायच्यात. बिल्डर तीन वर्षं म्हणतोय, म्हणजे आपण पाच धरायची. तोवर गोरेगावला वन बीएचके भाड्याने घेतोय. भांडी, पुस्तकं, आईचं लाकडी कपाट, सगळ्याचा निकाल लागला. गाडी अडलीय ती बाबांच्या स्टिरिओपाशी.

सेट असा: सोनोडाइनचा ॲम्प्लिफायर, टर्नटेबल, डबल कॅसेट डेक आणि माझ्या कमरेएवढे दोन स्पीकर. ऐंशीच्या दशकात बोनस मिळेल तसा बाबांनी एकेक नग जमवला. ॲम्प अजून चालू होतो, पण आवाजाचा नॉब फिरवला की खर्र-खर्र, आणि मध्येच डावी बाजू गुल. एका स्पीकरची जाळी काढली तर कोनभोवतीची फोमची कड हात लागताच चिकट चुरा होऊन फरशीवर पडली. शंभरेक एलपी तबकड्या आणि दोन खोके कॅसेट आहेत त्या वेगळ्याच.

नवरा म्हणतो, काढून टाक. मुलगी कानातले बड्स फक्त चार्जिंगला काढते. मी स्वतः चर्चगेटपर्यंत लोकलमध्ये फोनवर ऐकते आणि घरी ओट्यावर छोटा ब्लूटूथ स्पीकर असतो. म्हणून सरळच विचारते: आज मुंबईच्या घरात स्टिरिओ कोण बसून ऐकतं? आवाजात खरंच फरक पडतो का? ठेवायचा तर दुरुस्ती कुठे, आणि विकायचा तर कुणाला?

खडूस
विका. पार्ल्यात आज चौरस फुटाचा भाव काय चाललाय ते पाहा, त्याला दोन स्पीकर आणि डेकच्या टेबलाने अडवलेल्या जागेने गुणा. जो आकडा येईल तेवढ्याचा तुमचा स्टिरिओ आहे का?

गिरगावचा_बंड्या
विकू नका हो ताई! भंगारवाला किलोवर नेईल आणि पुढे चोरबाजारात तोच ॲम्प पुसून 'व्हिंटेज' म्हणून दसपट किमतीला लागेल. विकायचाच असेल तर आधी मटन स्ट्रीटला एक चक्कर मारून भाव विचारून या. शुक्रवारी जाऊ नका, दुकानं बंद असतात.

आणि दुरुस्तीला लॅमिंग्टन रोडशिवाय पर्याय नाही. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण रिक्षावाल्यापासून दुकानदारापर्यंत कुणी ते म्हणत नाही. ग्रँट रोड स्टेशनला उतरून पूर्वेला चालत पाच मिनिटं.

चकली
बंड्याभाऊ, ग्रँट रोडला रिक्षा? कुठल्या मुंबईत राहता?

गिरगावचा_बंड्या
टॅक्सीवाला म्हणायचं होतं. पकडलंत. :)

ओहमकार
मी याच क्षेत्रातला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'डिजिटल म्हणजे हलका आवाज' हे डोक्यातून काढा. सीडीचं गणित १६ बिट आणि सेकंदाला ४४,१०० नमुने, दोन चॅनेल मिळून सुमारे १४११ केबीपीएस (सेकंदाला इतके हजार बिट). चांगली एमपीथ्री ३२० ची असते, म्हणजे मूळच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. पण जे काढून टाकलेलं असतं ते कानाला एरवीही ऐकू न येणारं असावं, अशा हिशोबानेच ते कॉम्प्रेशन रचलंय. नाव न सांगता दोन्ही वाजवले तर आपल्यापैकी बहुतेकांना ३२० आणि सीडी यांतला फरक ओळखता येणार नाही. मलाही येत नाही.

मग फरक कुठे पडतो? पहिलं, हवा किती हलते. ओट्यावरच्या स्पीकरचा पडदा दोन इंचांचा, तुमच्या मोठ्या स्पीकरचा वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा पडदा, आठ किंवा दहा इंचांचा असणार. पखवाजाचा 'धा' छोट्या पडद्याला जमतच नाही. तो वरचे सूर वाजवतो आणि खालचा आपला मेंदू भरून काढतो. दुसरं, स्पीकर समोर असताना डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही किंचित उशिरा पोचतो, आणि खोलीच्या भिंतींवरून परत येतो. त्यामुळे गायक समोर बसल्याचा भास होतो. हेडफोनमध्ये डावं डाव्यालाच, उजवं उजव्यालाच, म्हणून गायक कवटीच्या आत बसतो. हा फरक हजार रुपयांच्या आणि लाख रुपयांच्या हेडफोनमध्ये सारखाच राहतो.

पण वन बीएचकेत दोन स्पीकर आणि तुम्ही यांचा समभुज त्रिकोण होणार कसा? एक स्पीकर फ्रिजला चिकटून आणि दुसरा दाराच्या मागे असेल, तर वर लिहिलेलं निम्मं वाया. कोपऱ्यात ढकललेला स्पीकर नुसता घुमतो.

तारसप्तक
ओहमकार यांच्या मोजमापाशी भांडण नाही. माझा मुद्दा ऐकण्याच्या सवयीचा आहे.

आपलं संगीत यंत्राने आधीपासूनच घडवलंय. ७८ च्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. तेवढ्यात बंदिश, आलाप, तान आणि शेवटी आपलं नावसुद्धा सांगायचं, असं त्या काळच्या गायक-गायिकांनी बसवलं. पुढे एलपी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली, आणि रेकॉर्डवर विलंबित ख्याल ऐसपैस मांडता आला. आता फोनवर तीन तासांची मैफल आहे आणि आपण 'पुढे' दाबतो! एलपी संपली की उठून बाजू पलटावी लागते. त्या उठण्याच्या कंटाळ्यामुळेच माणूस बावीस मिनिटं एका जागी बसतो. माझ्याकडे आजही रविवारी सकाळी एक बाजू होतेच. भिवंडीला राहतो, जागा आहे, हे मान्य.

दुसरं गाऱ्हाणं: ॲपवर नाट्यगीत शोधा. संगीतकार गायब, साथीला कोण ते गायब, मूळ नाटक गायब, आणि गायकाच्या जागी 'विविध कलाकार'. एलपीच्या मागच्या बाजूला तबलजीचंही नाव असायचं.

खडूस
पण तुमच्या निम्म्या लाडक्या तबकड्या मोनो आहेत, म्हणजे दोन्ही स्पीकरला एकच आवाज. स्टिरिओ एलपी बाजारात आल्याच १९५८ च्या आसपास, आपल्याकडे तर त्याहून पुष्कळ उशिरा. जुनी भावगीतं ऐकायला दोन मोठे स्पीकर कशाला लागतात? एक ठेवा, एक विका. जागा निम्मी.

तारसप्तक
खडूस, हा तुमचा पहिला उपयुक्त प्रतिसाद. मोनो गाणं एकाच चांगल्या स्पीकरवर खरोखर छान लागतं. जुन्या मोनो ध्वनिमुद्रणांना ओढूनताणून 'स्टिरिओ' केलेल्या एलपी निघाल्या होत्या. ऐकताना गाणारा डावीकडे आणि त्याचं सर्दी झालेलं भूत उजवीकडे असतं.

वसईवाली
सगळे घरात कुठे ऐकायचं यावर बोलताय. मला घरात ऐकू देतंय कोण? सकाळी डबे, संध्याकाळी सासऱ्यांच्या बातम्या, नंतर मुलांचा अभ्यास. माझं संगीत म्हणजे ७.४२ ची लोकल. खिडकी मिळाली तर मैफल, नाही मिळाली तर उभ्याने मैफल. नॉइज कॅन्सलिंगचे हेडफोन घेतल्यापासून अंधेरीपर्यंत कुणी ढोपर मारलं तरी राग येत नाही.

फक्त एक कोडं आहे. गाडीची घरघर पूर्ण जाते, पण मासेविक्रीवर चाललेली दोन बायकांची चर्चा शब्दन् शब्द ऐकू येते. असं का?

ओहमकार
@वसईवाली, हेडफोनमधला माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या बरोबर उलटी लहर सोडून तो खोडतो. सलग चालणाऱ्या खालच्या पट्टीतल्या आवाजाला, म्हणजे मोटर, पंखा, एसी, हे जमतं. बोलणं क्षणाक्षणाला बदलतं आणि वरच्या पट्टीतलं असतं, तिथे गणित चुकतं. शिवाय घरघर गेल्यामुळे उरलेलं बोलणं जास्तच स्पष्ट वाटतं.

चकली
म्हणजे माशांचा काय भाव आहे हे कळत राहणार. फायदाच की.

कानसेन
कानाचा डॉक्टर या नात्याने दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ही मर्यादा धरली आहे. डेसिबलची मोजपट्टी सरळ नसते: तीन डेसिबल वाढले की ऊर्जा दुप्पट, म्हणून वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ९० ला आठवड्याचे जेमतेम ४ तास.

आता लोकलमध्ये काय होतं? डब्यातला गोंगाट मोठा, तो बुडवायला आपण साध्या बड्सचा आवाज चढवतो, आणि रोज जाऊन-येऊन दोन-अडीच तास. घरच्या स्टिरिओवर सहसा इतका वेळ कुणी इतक्या मोठ्याने ऐकत नाही. आधी शेजारी येतो. नॉइज कॅन्सलिंगचा मला दिसणारा खरा फायदा हाच, की कमी आवाजात भागतं. कान घणघणत घरी येत असाल तर तपासून घ्या. त्यातून जे जातं ते परत येत नाही.

आणि हात जोडून विनंती, रूळ ओलांडू नकाच, पण स्टेशनातून बाहेर पडून रस्ता ओलांडतानाही कान मोकळे ठेवा.

पेन्शनर_बोरिवली
मला फोनवर गाणी लावता येत नाहीत असं नाही. लावली की मध्येच बँकेचा मेसेज, मग नातवाचा व्हिडिओ कॉल, मग 'अपडेट करा'. मुलाने कारवाँ आणून दिलाय. पाच हजार गाणी आत भरलेली, एक मोठं बटण फिरवायचं. त्यात एफएमही आहे. सकाळी विविध भारती. आवाज फार ग्रेट नाही, पण माझे कानही आता ग्रेट नाहीत. बरोबरी झाली.

पूर्वी आमच्याकडे तबकड्या वाजवायला एचएमव्हीची फिएस्टा होती, सूटकेसच्या झाकणातच स्पीकर. पाहुणे आले की आमच्या मातोश्री आधी तिच्यावरचा क्रोशाचा रुमाल काढायच्या, मग चहा टाकायच्या.

बारकोड
मी पंचविशीतला. धाग्यातल्या सरासरीहून बराच लहान दिसतोय. :)

गेल्या वर्षी टर्नटेबल घेतला. माझ्या पिढीत एलपीचं वेड आहे, हसू नका. पण तो ब्लूटूथ स्पीकरच्या ऑक्समध्ये (बाहेरचं यंत्र जोडायच्या भोकात) लावला तर आवाज अगदी बारीक, बास नाहीच. दुकानदार म्हणाला, रेकॉर्ड खराब आहे. दुसरी घेतली, तीही तशीच. नेमकं काय चुकतंय?

ओहमकार
रेकॉर्ड चांगली आहे, दुकानदार बदला. सुईतून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो. ऑक्सला त्याच्या कितीतरी पट लागतो. शिवाय एलपी कापतानाच खालचे सूर मुद्दाम दाबलेले आणि वरचे वाढवलेले असतात, नाहीतर खाच इतकी रुंद होईल की बाजूला वीस मिनिटं मावणार नाहीत. वाजवताना हे उलटं करून घ्यावं लागतं. ही वक्ररेषा १९५४ पासून ठरलेली आहे, आरआयएए म्हणतात तिला. तुला मध्ये फोनो प्रीॲम्प हवा, छोटी डबी असते. काही टर्नटेबलमध्ये ती आतच असते. मागे फोनो/लाइन असं बटण आहे का बघ.

सोनचाफा ताई, तुमच्या जुन्या ॲम्पला मागे 'फोनो' अशी वेगळी जोडी असेल, म्हणजे ही डबी आतच आहे. उलट फोन जोडायचा झाल्यास तो फोनोत कधीही लावू नका, 'ऑक्स' किंवा 'टेप'मध्ये लावा.

बारकोड
बटण होतं. मागे. सरकवलं. घर हललं. काका, दंडवत!

चकली
घर हललं ना, आता सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघड. आमच्याकडे कुणी दुपारी दोन वाजता मिक्सर लावला तरी 'कृपया ज्येष्ठांचा विचार करावा' येतं. नियम पाहिले तर निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सहा ४५. आमच्या समोरच्या मंडपाला हे कुणी सांगेल का, हा वेगळा धागा.

खडूस
काढू नका तो धागा. सप्टेंबर आला की दरवर्षी निघतोच.

गिरगावचा_बंड्या
अवांतर: काळा घोड्याचं गाण्यांचं दुकान, ऱ्हिदम हाऊस, आठवतंय का कुणाला? आत ऐकायला काचेच्या खोल्या होत्या. खिशात एका कॅसेटचे पैसे, आणि ऐकायच्या चार. फेब्रुवारी २०१६ मध्ये बंद झालं. आणि त्याआधीचा तो गाणी भरून देणारा दुकानदार: आपण वहीच्या पानावर यादी द्यायची, तो सी-नव्वदच्या, म्हणजे नव्वद मिनिटांच्या, कॅसेटवर भरून द्यायचा. शेवटचं गाणं हमखास अंतऱ्यात तुटायचं, आणि त्याचे पैसे पूर्ण घ्यायचा.

पेन्शनर_बोरिवली
ते तुटलेलं गाणं आजही मला तिथपर्यंतच पाठ आहे.

वसईवाली
वॉकमन विसरलात की काय सगळे? सोनीने तो काढला १९७९ ला, आमच्याकडे पोचला मामा दुबईहून आले तेव्हा. म्हणजे एकट्याने कानाला लावून ऐकणं हे फोनवाल्या पोरांनी आणलेलं खूळ नाही. पहिल्या वॉकमनला तर हेडफोनची दोन भोकं होती, दोघांना ऐकता यावं म्हणून. आताच्या पोरी एकेक बड वाटून घेतात, त्यात एकीला नुसताच तबला ऐकू येत असेल.

तारसप्तक
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? ताई बिचाऱ्या सामान बांधायच्या थांबल्या असतील.

ओहमकार
बरोबर. ताई, माझा सल्ला असा.

ॲम्प नक्की ठेवा. खरखर म्हणजे नॉबच्या आतल्या पट्टीवर साचलेली घाण. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून नॉब वीस-तीसदा मागेपुढे फिरवला की बहुतेकदा जाते, डावी बाजूही परत येऊ शकते. इतकी वर्षं झालेला ॲम्प कारागिराकडे न्या, घरी उघडू नका. आतले कपॅसिटर बंद केल्यावरही काही वेळ झटका देऊ शकतात. चांगला कारागीर आधी सिरीज बोर्डवर, म्हणजे मध्ये बल्ब घालून, चालू करून बघेल. तसं न करता सरळ प्लग खुपसणारा दिसला तर ॲम्प उचला आणि बाहेर पडा.

स्पीकरची कड मुंबईच्या दमट हवेने गेली. हा फोम ओलाव्याने कुजतोच, वापरा किंवा न वापरा. नवीन कड चिकटवून मिळते, रबराची मागा. वूफर खोलून तेवढेच न्या, अख्खी पेटी वाहू नका. आणि एकाची गेली म्हणजे दुसऱ्याचीही जवळ आलीय. दोन्ही एकदम करा.

टर्नटेबल नेताना सुई धरणाऱ्या हाताचं मागचं वजन काढून वेगळं गुंडाळा, तो हात दोऱ्याने बांधा, वरची थाळी उचलून स्वतंत्र ठेवा. एलपी उभ्याच भरा. आडव्या रचून टेम्पोत टाकल्या तर खालच्या वाकतील. मूव्हर्सच्या पोरांना हे सांगून उपयोग नसतो, तो खोका मांडीवर घेऊन बसा.

खडूस
मी अजून 'विका' वरच आहे. पण विकायचं तर दुरुस्त करून विका, एवढं मान्य करतो.

सोनचाफा
सगळ्यांचे खूप आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

शनिवारी ॲम्प घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले. कारागिराने आधी बल्ब मध्ये घातला, तेव्हाच जिवात जीव आला. खरखर गेली. दोन कपॅसिटर बदलले. वूफरला रबराची कड लावायला दिलीय. त्याने विचारलं, 'विकायचा आहे का?' मी नाही म्हटल्यावर मगच दुरुस्तीचा भाव सांगितला, आणि तो मला वाटलं होतं त्याच्या निम्मा निघाला.

घरी एक स्पीकर चालू आहे त्यावर मुलीचा फोन 'टेप'मध्ये जोडून तिच्याच आवडीची गाणी लावली. दोन गाणी ऐकली, 'छान आहे ग' म्हणाली, आणि बड्स लावून आत गेली. मग एलपी लावली, तर नवऱ्याने मात्र आवाज कमी करायच्या निमित्ताने येऊन अख्खी बाजू उभ्याने ऐकली. त्यामुळे घरात मतं एक-एक-एक अशी आहेत.

ठरलंय ते असं: ॲम्प आणि टर्नटेबल गोरेगावला. मोठे स्पीकर तिथे मावणार नाहीत, ते सासरी पनवेलला, आणि तोवर लहान बुकशेल्फची जोडी घेईन. माझं चर्चगेटपर्यंतचं ऐकणं फोनवरच राहणार, त्यात काही बदल नाही. मात्र नॉइज कॅन्सलिंगचं बघते. आवाज किती ठेवते ते कानसेन यांचा प्रतिसाद वाचून तपासलं, आणि लगेच दोन घरं खाली आणला.

कॅसेटना बुरशी धरलीय. त्यात आईच्या आवाजातल्या दोन आहेत, भोंडल्याची गाणी. त्या आधी डिजिटल करून घ्यायच्यात. कुणी खात्रीचं माहीत असेल तर सांगा.

ओहमकार
बुरशीची कॅसेट डेकमध्ये घालू नका, हेडला लागून बाकीच्याही बिघडतील. फीत तुटायचा धोका असतोच. हे काम करणाऱ्याला आधी एखादी नको असलेली कॅसेट देऊन बघा, नीट केली तर मग आईच्या द्या. मूळ फीत फेकू नका. आणि फाइल एमपीथ्री नको, पूर्ण वेव्ह मागा, दोन ठिकाणी ठेवा.

तारसप्तक
माझ्या ओळखीचे एक आहेत, डोंबिवलीला. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

बारकोड
ताई, कॅसेट डेक गोरेगावच्या यादीत दिसला नाही. विकणार असाल तर मलाही व्यनि करा प्लीज. मी न्यायला येतो.

खडूस
घरी विचारलंस का रे, ठेवणार कुठे?

बारकोड
बेडखाली. तिथे आता हार्मोनियम आहे, ती आजीच्या बेडखाली जाईल.